हंगामी आहे, एवढंच

१२ जानेवारी

चि. टिटवीस,

आजीचे तोंडी आणि काकूचे लेखी आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. ते पहिल्यापासूनच माझ्या बाजूने नाहीत.

तुझं पत्र आलं. काकूने ते दोनदा वाचलं, एकदा तिच्या घाईने आणि एकदा माझ्या हट्टाने. तू फोनवरही सगळं सांगितलंस म्हणे. पण फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं, आणि ते अर्धं नेमकं 'हॅलो' असतं. त्यापेक्षा पत्र बरं. त्याला हवं तितक्या वेळा बोलायला लावता येतं.

तर तुला नोकरी लागली. रानातल्या झाडांच्या बिया गोळा करायच्या, सुकवायच्या, थंड कोठीत जपायच्या आणि जिथे डोंगराची माती सुटते तिथे लावायला रोपं करून द्यायची. शेजारच्या शिंपीणबाईंना मी लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढं शिकून बिया सांभाळायच्या? मी म्हटलं, सांभाळायलाच शिकावं लागतं हो, खायला आपण न शिकता शिकतो. तुझे बाबा चार वर्षं मला विचारत होते की या 'नैसर्गिक संसाधन संवर्धना'चं पुढे होतं काय. मी तरी काय सांगणार, ते नाव घेतानाच माझी कवळी हलते. तुझ्या वर्गातला एक बँकेत चिकटला, एक खतांच्या कंपनीत मातीच्या पुड्या तपासतो, एक पाहुण्यांना जंगल दाखवत हिंडतो, हे ऐकून त्यांनी तुझ्यासाठी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली होती. काल ती शिंपीणबाईंच्या मुलीला देऊन टाकली. आता कोणी विचारण्याआधीच सांगत सुटतात.

ते 'हंगामी'चं मात्र काकूकडून समजून घेतलं. आता हंगामी, पण पावसाच्या तोंडाशी कायम करतात, तसं त्यांनी तुमच्या सरांना आधीच सांगितलं होतं, असं तू लिहिलंस. मग काळजी नाही.

एक गोष्ट खटकली. चार वर्षं तुझं एक पत्र तुझ्या खोलीतल्या खारूताईशिवाय आलं नाही. खारूताईने हे झाड ओळखलं, खारूताईच्या खिशात कुजलेल्या बिया निघाल्या, खारूताईने खोलीभर वाळत घातलं. सुट्टीत आली तेव्हा माझ्या उशीखाली शेंगा ठेवून गेली होती ती पोरगी. या पत्रात ती एकदाही नाही. भांडलात की काय? भांडला असाल तर चूक तुझी असणार, हे मी इथे बसून सांगते.

लोभ आहेच. तो तुझ्या थंड कोठीत ठेवलास तरी टिकेल.

तुझी आजी
(अक्षर काकूचं. माझेही आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावू देत नाहीत, हे त्यांनी लिहू दिलं नाही.)

---

२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.,

तुझं पत्र वाचून हसले. इथे हसायला फारसं कोणी नाही. कोठीच्या प्रमुख बाई, एक रखवालदार आणि मी. बाई कमी बोलतात. सकाळी आम्ही बिया पाण्यात सोडतो. तरंगतात त्या पोचट, त्या काढायच्या. उरलेल्या जाळीवर सुकवायच्या, मोजून पाकिटात भरायच्या, पाकिटावर झाड, जागा, तारीख. थंड खोलीत स्वेटर घालून जावं लागतं. बाहेर आलं की चष्म्यावर धुकं येतं आणि काही क्षण काहीच दिसत नाही. मला ते क्षण आवडतात.

एक जात काही केल्या रुजत नव्हती. साल फार टणक. मी त्या बिया पॉलिश कागदावर हलक्या घासून पाहिल्या आणि ओल्या फडक्यात ठेवल्या. जवळजवळ सगळ्यांना मोड आले. बाई पहिल्यांदाच छान म्हणाल्या.

खारूताई बरी आहे. शहरात फरश्यांच्या दुकानात लागली आहे. तिला पुन्हा हंगामी काम नको होतं. इथल्या जागेबद्दल मी तिला सांगितलं होतं.

बाबांना म्हणावं, एवढं सगळीकडे सांगत फिरू नका. अजून कायम झालेली नाही. तू गुडघ्यांना तेल लावून घे.

लोभ असू दे, मी कशीही असले तरी.

तुझी
टिटवी

---

२० फेब्रुवारी

ती. आजींना सा. न.,

तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मालकांना वाटलं गिऱ्हाइकाची तक्रार आहे. मी म्हटलं, तक्रारच आहे, फार दिवसांत आली नाहीस अशी.

नाही हो, आमचं भांडण नाही. मीच गुंतले. बाबांची पाठ गेल्यापासून घरात दर महिन्याला काहीतरी ठरलेलं यायला हवं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात डोंगरावरच्या मचाणावर वणव्याची राखण केली, पावसाळ्यात रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, थंडीत तलावावर पाखरं मोजली. तीन हंगाम, तीन साहेब, आणि प्रत्येकाने जाताना पाठीवर थाप दिली. थापेवर घर चालत नाही. म्हणून ही नोकरी धरली.

दुकान चांगलं आहे. लाकडासारख्या दिसणाऱ्या फरश्या फार खपतात. त्यांवर झाडाच्या गाठी, रेघा, सगळं छापलेलं असतं. फक्त प्रत्येक फरशीवर तीच गाठ, त्याच जागी. एकदा लक्षात आलं की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. गिऱ्हाइकाला मी सांगत नाही.

कोठीतल्या जागेचं टिटवीने मला सांगितलं होतं. सरांनी तिच्याकडे निरोप दिला होता, सगळ्यांना कळव म्हणून. मी तिला दोनदा विचारलं, पुढे कायम होईल का ग. ती म्हणाली, काही माहीत नाही, हंगामी आहे, एवढंच म्हणाले. मग माझी हिंमत झाली नाही. तिने धोका पत्करला. त्याचं सोनं व्हावं असं मनापासून वाटतं. तुम्ही तिला आशीर्वाद द्या, की तिला तिथे कायम करोत. आमच्या वर्गातलं एक तरी कोणी बियांपाशी राहिलं पाहिजे.

पाय दाबायला मी नाही, म्हणून तिथल्या कोणावर तरी दादागिरी करत असालच. लोभ आहे तो असाच धरून ठेवा.

तुमची
खारूताई

---

१ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

या खेपेला पत्र लांबलं, कारण मला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. असं माझं होत नाही, तुला माहीत आहे. काकू पेन घेऊन बसली आणि उठली, बसली आणि उठली. शेवटी म्हणाली, आधी तुमचं बोलणं शिजू द्या, मग मला हाक मारा.

मी तुझ्या मैत्रिणीला पत्र घातलं होतं. तुला न विचारता घातलं. मला चोंबडेपणाची सवय आहे आणि आता ती जाणार नाही. तिचं उत्तर आलं. काकू वाचत होती, मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच काकू थांबली. तिला वाटलं मला डुलकी लागली. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, वाचते, पण जरा थांबा. मग मी तिला तुझं जानेवारीचं पत्र डब्यातून काढायला लावलं.

मला अक्षर येत नाही. पण ऐकलेलं माझ्याकडून सांडत नाही. तू लिहिलंस, कायम करणार हे त्यांनी सरांना आधीच सांगितलं होतं. ती लिहिते, तिने तुला विचारलं आणि तू म्हणालीस माहीत नाही. आता यात कोणाचा तरी ऐकण्यात घोटाळा झालेला आहे. माझाच झालेला असू दे. तसं असेल तर मला दोन पानं भरून हस, म्हातारी झालीस म्हण, मी शिंपीणबाईंना बोलावून ती पानं वाचून घेईन.

पण लवकर लिही. ती पोरगी मला सांगते, तुम्ही टिटवीला आशीर्वाद द्या. मी आजवर तुला इतके आशीर्वाद दिले की त्यांचा भाव उतरला असेल. हा एक मात्र तोंडातून निघेना. वरती काकूने लिहिला आहे तो तिच्या सवयीने लिहिला आहे.

वाट पाहते. लोभाचं काय ते तुझं पत्र आल्यावर बघू. घाबरू नकोस, तो कुठे जात नाही.

तुझी आजी

---

१४ मार्च

ती. आजीस,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. दुसऱ्या कोणाला कळू देऊ नकोस.

तुझा घोटाळा झालेला नाही.

सरांनी प्रयोगशाळेच्या दारात मला सांगितलं, कोठीत एक जागा आहे, आता हंगामी, जूनच्या सुमाराला कायम, सगळ्यांना सांग. एक जागा. मी पायऱ्या उतरत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की ही खारूताईची. बाई तिला मुठीत बिया देतील, ती डोळे मिटून झाडांची नावं सांगेल, आणि संपलं. मग मी काय करणार? बाबांनी आणलेली ती पुस्तकं घरी टेबलावर होती. इतक्या लांबूनही मला रोज वाटायचं की ती माझ्याकडे बघतात.

ती खालीच उभी होती. मी तिला सांगितलं. सांगितलं नसतं तर ते सरळ लपवणं झालं असतं, म्हणून सांगितलं. जेवढं सांगितलं तेवढं खरं होतं. फक्त मी 'हंगामी'पाशी थांबले. तिने विचारलं पुढे काय, तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं माहीत नाही. तिने पुन्हा विचारलं. त्या वेळी ती माझ्या पिशवीचा तुटलेला बंद गाठ मारून नीट करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं असतं तर कदाचित मला जमलं नसतं.

आणि बिया घासायची ती युक्ती तिची आहे. आमच्या खोलीत ती दाराच्या चौकटीवर घासायची. बाई छान म्हणाल्या तेव्हा मी नाव घेतलं नाही. एकदा सुरुवात झाली की पुढचं किती सोपं जातं, आजी.

इथे मला काम येतं. हे जास्त वाईट आहे. मी नालायक असते तर कोणीतरी काढलं असतं.

मी राजीनामा लिहून ठेवला आहे. घरची अडचण आहे असं बाईंना सांगेन. जागा सुटली की सरांना सांगून तिच्यापर्यंत निरोप पोचवेन. तिला नोकरी मिळेल. कारण कळायची काय गरज? तिला उगाच दुःख. तू मला एवढंच सांग की हे बरोबर आहे.

तुझी
टिटवी

---

२२ मार्च

चि. टिटवीस,

'फक्त तुझ्यासाठी' असं तू मला लिहिलंस. बाळे, मला वाचता येत असतं तर तसं झालंही असतं. तुझं शिक्षण झालं पण आपल्या घरातली आजी कोण आहे हे तू विसरलीस. काकूने ते वाक्य नेहमीसारखं खणखणीत वाचलं, आणि तुझे बाबा दाराशी चप्पल शोधत होते. ते तिथेच उभे राहिले. काकू आवाज बारीक करत गेली, पण मग मला ऐकू येईना, म्हणून पुन्हा मोठ्याने वाचावं लागलं. शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं. नंतर चप्पल न घालता अंगणात गेले. त्या पुस्तकांचं त्यांना लागलं आहे. त्या दिवसापासून त्यांनी तुझ्या नोकरीचा विषय कोणाकडे काढलेला नाही. शिंपीणबाईंनी काल विचारलं, तर मीच म्हटलं, चाललं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. बरोबर नाही.

राजीनामा देऊन, घरची अडचण सांगून, सरांच्या आडून तिच्या ताटात जागा वाढायची, म्हणजे तू पुन्हा तेच करते आहेस. पुन्हा अर्धंच सांगते आहेस. फक्त या वेळी त्यात तू भली दिसतेस. आणि समजा तू आधी नोकरी सोडलीस आणि मग तिला सगळं सांगितलंस, तरी ते चालणार नाही. रिकाम्या हाताने तिच्यापुढे उभी राहिलीस की तिला तुला माफ करावंच लागेल. तिला रागवायला जागा ठेव. नोकरी हातात आहे तोवर जा, आणि सांग. मग ती काय म्हणेल ते म्हणेल. तिला हक्क आहे.

तोंडाने सांग. पत्राने नको. पत्रात माणूस आपल्याला हवं तिथे थांबतो.

मी तुला हे आरामखुर्चीत बसून सांगते आहे, याची मला लाज आहे. जावं तुला लागणार. मला रात्री ती पोरगी शेंगा ठेवताना दिसते आणि तुझ्या पिशवीच्या बंदाला गाठ मारताना दिसते. दोन्हीकडे मी तुझीच आजी असते. काय करणार, बदलून मिळत नाही.

लोभ आहे. रागही आहे. दोन्ही एकाच पाकिटात घातले आहेत.

तुझी आजी
(टिटवी, जाताना काहीतरी खाऊन जा. उपाशीपोटी असलं बोलता येत नाही. काकू)

---

६ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.,

जाऊन आले.

दुकानात गर्दी होती. एक जोडपं न्हाणीघराची फरशी निवडत होतं. ती मला बघून इतकी खूश झाली की मला परत फिरावंसं वाटलं. तिने मला उंच स्टुलावर बसवलं, पाणी आणून दिलं, आणि पाच मिनिटं हं, म्हणाली. मी थांबले नाही. थांबले असते तर विझले असते. काउंटरपाशीच सांगितलं, सगळं. सर काय म्हणाले, मी कुठे थांबले, का थांबले. चौकटीवर घासायच्या युक्तीचंही सांगितलं.

ती ऐकत होती आणि फडक्याने फरशी पुसत होती. मग त्या जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, ही ओली असताना घसरते का. तिने त्यांना नीट उत्तर दिलं, खडबडीत नमुना काढून दाखवला. त्या गेल्यावर माझ्याकडे वळली.

"मी तुला दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली.

एवढंच. मी हो म्हटलं. मग मालकांनी तिला आतून हाक मारली, ती गेली आणि परत आली नाही. मी बराच वेळ त्या स्टुलावर होते. दुसरा एक विक्रेता येऊन मला काय दाखवू विचारायला लागला, तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी कोठीतल्या बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्या हातातली चाळणी त्यांनी काढून घेतली आणि स्वतः चाळायला लागल्या. संध्याकाळी म्हणाल्या, सरांचा निरोप सगळ्यांपर्यंत पोचला नसेल तर ती निवड धरता येणार नाही. कायम करण्याआधी तुमच्या सगळ्या वर्गाला पुन्हा बोलावतील, या वेळी त्या स्वतः कळवणार आहेत. मलाही अर्ज करता येईल, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या चाळणीकडे बघत होत्या.

मी करणार नाही. आणि मी करत नाही हे खारूताईला कळवणारही नाही. कळवलं तर बदल्यात काहीतरी मागितल्यासारखं होईल. तूही कळवू नकोस. डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी मोजायचं एक काम आहे, पावसापुरतं. तिथे जाते. बाबांना सांग, बँकेची पुस्तकं परत मागू नका. अजून नको.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं नाही वाटत. पण चष्म्यावर धुकं आलं की आता मी ते लगेच पुसते.

लोभ आणि राग दोन्ही मिळाले. दोन्ही ठेवून घेतले आहेत.

तुझी
टिटवी

---

२५ जून

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद. हे माझे, काकूच्या सवयीचे नाहीत.

तुझ्या झऱ्यांना पाणी चांगलं आहे असं कळलं. तू झऱ्याखाली भांडं धरून उभी असतेस आणि घड्याळ बघत असतेस, हे बाबांनी मला करून दाखवलं. नळाखाली करून दाखवलं. घरातली बादली भरून वाहिली, पण मला समजलं.

काल खारूताई आली होती. तिची निवड झाली. कोठीत रुजू व्हायला निघाली होती, वाटेत इथे उतरली. मी म्हटलं, आता तरी खिसे शिवून घे, सरकारी बिया सांडशील. ती हसली. पण ते मला बरं वाटावं म्हणून हसली, ते मला कळतं. चहा घेतला, माझे पाय दाबले. तिच्या बाबांना आता काठीशिवाय उभं राहता येतं म्हणे. तुझा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही, आणि त्यासाठी मला किती त्रास झाला ते काकूला विचार.

तुझे बाबा आधी खोलीतून बाहेरच येईनात. मग आले आणि तिची पिशवी उचलून दाराशी उभे राहिले. स्टँडपर्यंत पोचवून आले. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. आल्यावर बराच वेळ नाक शिंकरत होते, धूळ फार आहे म्हणाले. पाऊस पडत होता.

ती निघताना मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, टिटवीला काही निरोप आहे का. ती चपलेचा पट्टा लावत होती. एका पट्ट्याला एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाली, "सध्या नको."

हे लिहायची वेळ आली तेव्हा आमची दोघींची जुंपली. काकू म्हणाली, लिहिते की हळूहळू तिचा राग निवळेल. मी म्हटलं, असं ती म्हणाली का? नाही ना? मग काकू म्हणाली, तर नुसतं 'नको' लिहिते, पोरगी उगाच आशेवर राहायला नको. मी म्हटलं, तसंही ती म्हणाली नाही. शब्द दोन होते. दोन्ही लिही, आणि लिहिलंस की मला वाचून दाखव.

तिने वाचून दाखवलं. बरोबर आहे.

तुझी आजी
(अक्षर काकूचं. गाळलेलं काही नाही, घातलेलं काही नाही.)